खोटी कळ

राजाक्का मगदूमला आयुष्यात पुष्कळांनी खोटं ठरवलं होतं. सासूनं ठरवलं, जावेनं ठरवलं, एकदा तर रेशन दुकानातल्या मशीननं अंगठा पुसट आहे म्हणून ठरवलं. पण स्वतःच्या लघवीवरून खोटं ठरायची पाळी तिच्यावर त्या मंगळवारी पहिल्यांदा आली.

कंपनीच्या संडासात ती उभी होती. ओटीपोट तट्ट फुगलेलं, कमरेत सणका मारत होता. तिनं मनगटावरच्या पट्ट्याचं बटण दाबलं. पट्टा थरथरला आणि त्याच्या काचेवर अक्षरं उमटली : 'ही खोटी कळ आहे. थोडं थांबा.'

तिनं परत दाबलं. परत तेच.

"खोटी? अरे तुझ्या मायला तुझ्या!" राजाक्का संडासाच्या भिंतीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "पोट माझं, कळ माझी, आनी खोटी म्हणणारा तू कोण रे मुडद्या?"

पट्टा काय बोलणार? बाहेरून सुपरवायझर पोपटनं दार वाजवलं. "मगदूम वहिनी, लाईन थांबलीय. काय करालाय आत?"

"पूजा करालोय!" राजाक्का म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, आणि राजाक्का तर रागात असली की जास्तच ठसक्यात म्हणायची. लुगडं सावरत ती बाहेर आली आणि तशीच, भरल्या पोटानं, जागेवर जाऊन बसली. समोरच्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरून विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या वायरी सरकत होत्या. लाल वायर लाल खाचेत, निळी निळ्या खाचेत. सत्तर बायका, एक रांग. आणि सत्तर मनगटांवर तोच काचेचा पट्टा.

हा पट्टा ज्या यंत्राचा, त्याला बायका 'दार' म्हणत. शेताच्या पाटाला पाणी अडवायला-सोडायला असतं तसं दार. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, हे दार राजाक्कावर कुणी लादलं नव्हतं. तिनं स्वतः मागून घेतलं होतं, हात जोडून.

लेक ऋतू झाली त्या बाळंतपणात पोरीचं डोकं दिवसभर खाली अडकून राहिलं होतं. पोरगी जगली, आई जगली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण राजाक्काच्या आतलं काहीतरी ढिलं पडलं ते पडलंच. खोकलं की गळायचं, हसलं की गळायचं. हंडा उचलला की पायावर ओघळ. तेव्हापासून तिनं फिकट रंगाचं लुगडं अंगाला लावलं नाही. काळपट, फुलाफुलांचं, डाग लपवणारं तेवढंच. लग्नात गेली तर कडेच्या खुर्चीवर, तीसुद्धा प्लास्टिकच्या. नवरा दादासो दूध संघाचा टेम्पो चालवायचा. त्यानं एक दिवस आपली कॉट बाहेर सोप्यात टाकली. काही बोलला नाही बिचारा. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

सगळ्यात वाईट गौरीच्या रात्री. गल्लीतल्या बायका फुगड्या घालायच्या आणि राजाक्का भिंतीला टेकून टाळ्या वाजवायची. लहानपणी तिच्याएवढी फुगडी पंचक्रोशीत कुणाची नव्हती. बायका म्हणायच्या, मगदुमांच्या सुनेला भारी मिजास. ती म्हणू द्यायची. मिजास आहे म्हटलेलं परवडलं.

मग डॉक्टर शलाका रेगे आल्या. शहराबाहेर त्यांचं संशोधन केंद्र निघालं आणि कंपनीच्या बायकांचं शिबिर भरलं. डॉक्टरबाईंनी माईकवर विचारलं, "शिंकताना, हसताना कुणाला लघवी होते का?" मांडव चिडीचूप. बायका आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागल्या. शेवटी राजाक्काचं टाळकं सरकलं. ती उठून उभी राहिली.

"व्हते! व्हते म्हणून तर आलोय. न्हाईतर काय तुमचा मांडव बघायला आलोय?"

तिच्यामागं एकेक करत निम्मा मांडव उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी मग फळ्यावर चित्र काढून सांगितलं. मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. ती भरत असते तेव्हा सैल असते, रिकामी व्हायच्या वेळी आवळते. तिच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. ते बरोबर उलटं वागतं : पिशवी भरताना आवळलेलं, सोडताना सैल. या दोघांना हुकूम देणाऱ्या नसा माकडहाडाच्या थोड्या वर, हाडातल्या छिद्रांतून बाहेर येतात. अवघड बाळंतपणात त्या नसा ताणल्या जातात, कडं दुबळं होतं. मग खोकल्याचा दाब आला की कडं हार खातं.

"आपण काय करणार," डॉक्टर म्हणाल्या, "त्या नसेपाशी तांदळाएवढं यंत्र ठेवणार. ते अंगाच्या उबेवर चालेल, सेल बदलायला नको. पिशवीच्या भिंतीवर कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा चिकटवणार. पिशवी किती ताणली हे तो सांगेल आणि यंत्र कडं आवळून धरेल. तुम्ही मनगटावरचं बटण दाबलं की सोडेल."

आणि आणखी एक सोय होती. काही बायकांची पिशवी पाव भरली तरी कळ देते, मग सारखं पळापळ. अशी कळ आली तर यंत्र नसेला शांत करणार आणि दार थोडा वेळ बंद ठेवणार. त्याला डॉक्टरांनी नाव दिलं होतं 'खोटी कळ'. पण खरी कुठली नि खोटी कुठली हे यंत्राला कळणार कसं? तर शिकून. "पहिला एक आठवडा ते फक्त तुमच्याकडून शिकेल. तुम्ही रोजच्यासारखं वागा. ते बघेल की तुमचं शरीर किती वेळ, किती भरेपर्यंत आरामात थांबतं."

रोजच्यासारखं वागा, असं कोल्हापूरच्या बायकांना सांगणं हीच मुळात चूक. या मातीत माणूस जेवायला बसला तरी शेजारच्याच्या भाकरी मोजतो. पहिल्या तीस बायकांना दार बसलं. अठरा-अठरा वर्षं गळणाऱ्या बायका एका दिवसात कोरड्या ठणठणीत झाल्या. आनंदानं खुळ्याच झाल्या म्हणा ना! मोबाईलवर ग्रुप निघाला. एकीनं लिहिलं, 'मी पाच तास थांबलो, थेंब नाही.' दुसरी म्हणाली, 'पाच काय घेऊन बसलीस, मी सहा.' झालं, ईर्षा पेटली. राजाक्का मागं राहणार होय? तिनं पाणीच तोडलं, मांडीवर मांडी आवळली, जीभ चावली, आणि ग्रुपवर टाकलं : 'नऊ!' आठवडाभर तिचा झेंडा कुणाला काढता आला नाही.

लहानपणापासून शिकवलेलंच होतं सगळ्यांना : चांगल्या घरच्या पोरी सारख्या उठत नसतात. शाळेतल्या मुतारीला कुलूप, एसटी स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेवायची सोय नाही, शेतात पुरुषमाणसं. धरून ठेवणं हे बायकांना चालण्याआधी येतं. त्या आठवड्यात त्यांनी आपली सगळी कला यंत्राला दाखवली. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्यानं ती शिकून घेतली.

त्या वर्षीच्या गौरीला राजाक्का भिंतीला टेकली नाही. पदर खोचून मधोमध उतरली आणि अशी फुगडी घातली, अशी घातली, की समोरची पोरगी गरगरून खाली बसली. राजाक्का खदाखदा हसली, मान मागं टाकून, पोट धरून. आणि हसता हसता रडली, कारण पाय कोरडे होते. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. त्या रात्री दादासोनं कॉट आत घेतली.

तर अशी ही गोष्ट. आता राग कुठून आला ते ऐका.

तीस बायकांचं बघून कंपनीनं रांगेतल्या राहिलेल्या सगळ्यांना फुकट दार बसवून दिलं. टाळ्या झाल्या. पूर्वी संडासाला जायचं तर पोपटकडून लाल पास मागावा लागायचा. सत्तर बायकांत दोन पास. शिंत्रे साहेब म्हणून कंपनीचे माणसांचे मॅनेजर होते, ते हसून म्हणाले, "आता पासची कटकटच नको. तुमच्या शरीरालाच कळतंय कधी जायचं." पास बंद झाले. मग मधली सुट्टी अर्धी झाली. मग चारांतल्या दोन संडासांत खोकी रचली, कारण गोदामात जागा नव्हती. मग तिसऱ्यातही. आणि मग एका सोमवारी पट्ट्यांवर नवीन आज्ञावली आली. मंगळवारी राजाक्काची कळ खोटी ठरली.

त्यानंतर काही महिने हेच चाललं : आधी कमरेचं दुखणं, मग थंडी वाजून ताप. राजाक्का वातावरणावर ढकलत राहिली. शेवटी पोटऱ्या सुजल्या तेव्हा रजा टाकून डॉक्टरबाईंकडे गेली. रेगेबाईंनी स्वतः सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"राजाक्का, तुमची दोन्ही मूत्रपिंडं फुगलीत. पिशवी वेळेवर रिकामी होत नाही, त्यामुळे दाब उलटा वर चढतोय. असंच चाललं तर वर्षाच्या आत डायलिसिस. बटण का दाबत नाही तुम्ही?"

"मी दाबतो वो. ते उघडत न्हाई." तिनं पट्टा पुढं केला. "खोटी कळ म्हणतंय. खोटी! तुमच्या यंत्राला तोंड असतं तर थोबाडलं असतं मी."

डॉक्टरबाईंनी पट्टा आपल्या संगणकाला जोडला आणि बराच वेळ वाचत बसल्या. मग खुर्चीत मागं टेकल्या.

"खोट्या कळेचं कुलूप रुग्णासाठी होतं. दहा-पंधरा मिनिटांचं. त्यांनी ते शिफ्टभर चालू केलंय. तुमची पिशवी तुमच्या नैसर्गिक क्षमतेएवढी भरल्याशिवाय दार उघडायचंच नाही असं. आणि ती क्षमता पहिल्या तीस जणींच्या सरासरीवरून ठरलीय. तीच सगळ्यांना लावलीय. राजाक्का, त्या शिकण्याच्या आठवड्यात तुम्ही खरंच आरामात नऊ तास थांबत होतात?"

तो आठवडा राजाक्काच्या डोळ्यांपुढं आला. ग्रुप, झेंडा, जीभ चावून काढलेले तास. मग तिच्या डोळ्यांपुढं रांगेतली कोपऱ्यातली बारकी मुमताज आली, जी हल्ली दुपारी तोंड पांढरं करून बसायची. राजाक्काची ईर्षा मुमताजच्या पोटात जाऊन बसली होती.

"आराम कसला? पैज लावली होती आम्ही," ती हळू म्हणाली. आणि मग एकदम भडकली. "पण तुम्ही इचारलं का मला? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, बाई असून! नऊ तास कोण धरतं वो आरामात? तुम्ही धरता?"

"नाही धरत." डॉक्टरबाईंनी डोळे चुकवले नाहीत. "आकडा एवढा सुंदर आला होता की मी विचारलंच नाही. परदेशातल्या परिषदेत टाळ्या मिळाल्या त्याला."

"मग काढा आता ते कुलूप."

"मला काढता येत नाही. बनवण्याचे हक्क केंद्रानं विकले, त्या कागदावर माझी सही आहे. खातं कंपनीचं आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका बाईचंही असंच दुखलं म्हणून मी फोन केला होता, कुलुपाचं तेव्हा ठाऊक नव्हतं. शिंत्रे म्हणाले, एका बाईवरून धोरण बदलत नसतं." त्यांनी टेबलाच्या खणातून एक चपटं लोहचुंबक काढून ठेवलं. "मला एवढंच करता येतं. हे कमरेवर धरलं की यंत्र झोपतं. पण मग सगळंच झोपतं. तुमचं कडं मूळचं दुबळं आहे. पहिल्यासारखं गळायला लागेल. बहुतेक जास्तच. आणि परत चालू करायचं तर कंपनीच्या परवानगीनं."

राजाक्का त्या चुंबकाकडे बघत राहिली. तिला सोप्यातली कॉट आठवली. प्लास्टिकची खुर्ची आठवली. नाकाला तो वास आला.

"गोळ्या द्या तापाच्या," ती म्हणाली आणि उठली.

घरी आली तर घरात पेढे. ऋतू दारातच उभी होती, वीस वर्षांची, दिसायला आईसारखी आणि जिभेनंही. "आये, झालं माझं! कंपनीत कायमच्या जागेवर. शनिवारी वर्धापनदिनाला स्टेजवर पत्र देणार. आधी तुझ्या नऊ तासांचा सत्कार आनी लगेच माझं पत्र. शिंत्रे सर म्हणाले, आई-लेक एका फोटोत पाहिजेत."

"कुठल्या जागेवर?"

"लाईनवरच की. नवीन तीस पोरी. सोमवारी दार बसवणार, आठ दिवस रजा, मग कामावर."

राजाक्कानं हातातली पिशवी खाली ठेवली नाही, टाकली. "तुझं गळतंय काय?"

"ई! न्हाई."

"मग धडधाकट पोरीच्या कमरेत भोक कशाला पाडून घ्यायचं?"

"अगं, दार असलं तरच कायम करत्यात. नसलं तर कंत्राटावर, आज हाय उद्या न्हाई. तुला ठावं हाय की सगळं!"

"न्हाई बसवायचं," राजाक्का म्हणाली. "माझी मूत्रपिंडं सुजलीत त्यानं. डॉक्टरीणबाईनं आत्ता सांगितलं."

दादासो पेढ्याचा खोका हातात घेऊन उभा होता, तो मध्ये पडला. "अगं राजे, तुझं वय झालं. पोरगी तरणी हाय. सगळ्या पोरी करालत्या. नोकरी काय झाडाला लागलीय होय?"

"तुम्ही गप्प बसा वो! तुमच्यात बसवा की मग. टेम्पो चालवताना दर दहा मैलाला झाडामागं जाताय ते!"

दादासो गप्प बसला. ऋतू नाही बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि राग आईसारखाच होता.

"आम्हाला निवडीच्या दिवशी पडद्यावर काय दाखवलं, ठावं हाय? तुझी फुगडी. तू हसालीस, फिरालीस. खाली लिवलेलं, 'मगदूम ताईंना विचारा.' म्हणून मी नाव दिलं आये. मला वाटलं, माझी आई ज्यानं हसली ते वाईट कसं असंल? आता नको म्हणतीस. बरं, एवढं वाईट हाय तर तू का घालून फिरालीस? काढ की आधी तुझं. तुझं तुला सुटत न्हाई आनी मला शिकवतीस."

पोरगी आत निघून गेली. राजाक्का सोप्यात उभी राहिली. पट्ट्यावर, पोपटवर, डॉक्टरबाईंवर, नवऱ्यावर ओरडून झालं होतं; पण पोरीनं अचूक दुखत्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तिच्यावर ओरडायला काही उरलं नव्हतं. राजाक्काची आई ऊसतोडीला जायची. तिच्या टोळीतल्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या भर तारुण्यात काढलेल्या होत्या. पाळी नको, खाडा नको. आईनंही काढली होती. आणि राजाक्काला ती सांगायची, "आमचं झालं ते झालं, तुझं तरी जपून ऱ्हा." आता तीच जागा, तेच पोट. फक्त सुरीच्या जागी तांदळाएवढं यंत्र आलं होतं आणि वर शाल-नारळ मिळत होता.

शनिवारी सकाळी राजाक्का संशोधन केंद्रात गेली आणि टेबलापाशी पाठ करून उभी राहिली.

"झोपवा."

"राजाक्का, आज तुमचा सत्कार आहे ना? निदान उद्या..."

"आजच. बाई, माझा राग हाय तवर उरकून घ्या. थंड झालो तर मला जमणार न्हाई."

चुंबकाचा गारवा कमरेला लागला. बारीकसा चटका बसल्यासारखं झालं आणि मग काहीच नाही. पट्ट्याची काच काळी पडली. टेबलापासून वळताना तिला जाणवलं की दार गेलं. ती ओळखीची, किळसवाणी ऊब. राजाक्कानं ओठ चावला.

"मी येऊ समारंभाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"या. पहिल्या रांगेत बसा. तुम्ही तर बघायलाच पाहिजे."

घरी जाऊन तिनं ट्रंकेच्या तळातून लग्नातलं मोतिया रंगाचं रेशमी लुगडं काढलं. ऋतू जन्मल्यापासून ते अंगाला लागलं नव्हतं. आत तिनं कापडाची दुहेरी घडी बांधली, समारंभाच्या वेळेपर्यंत पुरावी म्हणून. आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायला सुरुवात केली.

कंपनीच्या आवारात मांडव घातला होता. स्टेजवर पांढऱ्या कापडाचं टेबल, मागं पडदा, पडद्यावर राजाक्काची फुगडी फिरून फिरून चाललेली. पाच खुर्च्यांवर पाच पुरुष, सहाव्या खुर्चीवर ती. पुरुषांच्या पुढं एकेक पाण्याची बाटली. तिच्यापुढं नव्हती. बायकांना पाणी लागत नाही हे कंपनीला एव्हाना पाठ झालं होतं.

स्टेजवर चढण्याआधी तिनं एकच काम केलं. शामियान्यामागं जाऊन आतली घडी सोडली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली.

शिंत्रे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, स्त्रीशक्ती. म्हणाले, विज्ञान. म्हणाले, मगदूम ताईंसारख्या भगिनींनी नऊ तास अखंड काम करून साऱ्या देशाला दाखवून दिलं की इच्छाशक्ती काय असते. राजाक्कानं हात लांब करून शेजारच्या पाहुण्यांची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि घटाघटा संपवली. मग पलीकडची. पाहुणे गालात हसले. तिसरी बाटली शिंत्रे साहेबांची होती. साहेब बोलता बोलता अडखळले.

मांडवात बायका ताठ बसल्या. शिफ्टवर पाणी पिणारी बाई त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

शाल आली, नारळ आला, फोटो झाले. "दोन शब्द बोला ताई," साहेबांनी माईक दिला. खाली पहिल्या रांगेत नवीन तीस पोरी, प्रत्येकीच्या मांडीवर पट्ट्याची चौकोनी डबी. ऋतू मधोमध. कडेला डॉक्टरबाई.

राजाक्का टेबलाच्या पुढं येऊन उभी राहिली, सगळ्यांना पायापासून डोक्यापर्यंत दिसेल अशी.

"मला बोलाय येत न्हाई," ती म्हणाली. "मला फकस्त धरून ठेवाय येतं. शाळेत धरलं, माहेरी धरलं, सासरी धरलं, हितं धरलं. ह्या सायबांनी सांगितलं मी नऊ तास धरतो. खोटं हाय ते. ती आमची पैज होती. मी खुळीनं जिकली आनी तुमच्या सगळ्यांच्या पोटाला कुलूप लागलं. मुमताज, ऐकालीस नव्हं? तुझी कळ खोटी न्हाई. कुणाचीच न्हाई. चार संडास नीट बांधाय नको झालं ह्यांना, म्हणून आमच्या पोटात दारं बसवली! माझी मूत्रपिंडं सडाय लागलीत. डॉक्टरीणबाई बसल्यात, इचारा."

शिंत्रे माईककडे झेपावले. डॉक्टर रेगे खुर्चीतून उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "खरं आहे. मी बघितलंय. चूक माझ्यापासून सुरू झालीय." साहेब मध्येच थबकले.

"पोरगी म्हणती, वाईट हाय तर तू का घालून फिरतीस," राजाक्का म्हणाली. आता ती फक्त एकीकडेच बघत होती. "बरोबर बोलली. म्हणून आज सकाळी काढून टाकलं. बघ ऋतू."

ती खोकली नाही, शिंकली नाही, हसलीही नाही. तिनं नुसतं धरणं सोडलं.

मोतिया रेशमावर मांडीपासून गडद पट्टा उतरत गेला. पायांशी थारोळं झालं, पांढऱ्या कापडाच्या झालरीखालून स्टेजच्या कडेला आलं आणि पहिल्या रांगेसमोर टपटप पडायला लागलं. पाहुणे खुर्च्या मागं सरकवत होते. पोपट घाईघाईनं पुढं आला, "पाणी सांडलं, पाणी सांडलं वाटतं वहिनींच्या हातनं."

"पाणी न्हवं रे," राजाक्का माईकमध्ये म्हणाली. "मूत हाय माझं."

इतकी वर्षं ज्या एका गोष्टीला ती मरणापेक्षा भीत होती, ती सगळ्या गावासमोर होऊन गेली होती, आणि लाज यायची ती अजून आली नव्हती. येईल, उद्या येईल, कॉटकडे बघून येईल; हे तिला माहीत होतं. दादासो मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, मान खाली घालून.

ऋतू डबी काखेत मारून उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. धावत ती स्टेजवर चढली, ओढणी खांद्यावरून ओढून काढली आणि आईच्या कमरेला गुंडाळायला लागली.

राजाक्कानं तिचा हात धरला. "झाकू नकोस."

"आये, लोक बघालेत."

"बघू देत. बघाय पाहिजे त्यांनी."

ऋतू ओढणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. खाली ओल्या स्टेजकडे तिनं बघितलं, मागं पडद्यावर फिरणाऱ्या फुगडीकडे बघितलं. मग तिनं काखेतली चौकोनी डबी काढली आणि टेबलावर रिकाम्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

"मला न्हाई पाहिजे सर," ती शिंत्र्यांना म्हणाली. "मला जवा लागंल तवा मी जाणार."

मांडवाच्या कोपऱ्यात बारकी मुमताज उभी राहिली. आवार ओलांडून ती कंपनीच्या संडासाकडे चालायला लागली, आणि पहिल्या दारातलं पहिलं खोकं उचलून तिनं बाहेर अंगणात फेकलं.